आधी कान, मग चिन्ह

इयत्ता सहावीत शिकणारी एखादी मुलगी इंग्रजी शब्दकोश प्रथमच हाती घेते आणि त्यात ‘बनाना’ हा शब्द शोधते. केळे या अर्थाचा हा शब्द तिला चांगला ठाऊक असतो. केवळ त्याचे स्पेलिंग तिला पडताळून पाहावयाचे असते. परंतु शब्दापुढे दोन तिरक्या रेघांच्या मध्ये तिला काही विलक्षण आकृती दिसतात. लहान लिपीतील इंग्रजी ‘ई’ हे अक्षर तेथे चक्क डोके खाली, पाय वर करून उभे आहे; आणि तेही एकदा नव्हे, तर दोनदा! मध्येच एक बारीकशी उभी रेघ आहे. छापखान्यात काहीतरी चूक झाली असावी, असे वाटून ती पान उलटते आणि त्या आकृतींचा विषय तेथेच संपतो. वर्गातही त्या आकृतींविषयी सहसा कोणी बोलत नाही.

छापखान्याविषयीचा तिचा तर्क मात्र अगदीच निराधार नव्हे. १८८६ साली पॅरिस शहरात भाषा शिकवणाऱ्या काही शिक्षकांनी एक मंडळ स्थापन केले. पॉल पासी नावाचा फ्रेंच शिक्षक या मंडळाचा प्रवर्तक होता. हेच मंडळ पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघ या नावाने प्रसिद्धीस आले. परभाषा शिकणाऱ्या मुलांना शब्द कसा लिहितात हे पुस्तकावरून कळते, पण तो कसा उच्चारतात हे कळत नाही, ही या शिक्षकांची रोजची अडचण होती. म्हणून त्यांनी एक वर्णमाला तयार केली आणि १८८८ साली ती प्रथम प्रसिद्ध केली. एका ध्वनीला एकच चिन्ह आणि एका चिन्हाचा एकच ध्वनी, हा तिचा मूळ नियम. रोमन अक्षरे सव्वीस. त्यांत जगातील सर्व भाषांचे ध्वनी मावणार कसे? नवीन अक्षरांचे खिळे ओतून घ्यावयाचे म्हणजे खर्च आणि खटाटोप दोन्ही आले. तेव्हा असलेलेच काही खिळे उलटे बसवण्याची युक्ती या मंडळींनी उचलली. ही युक्ती त्यांच्या आधीही काही विद्वानांनी वापरली होती. शब्दकोशातील तो उलटा ‘ई’ म्हणजे चुकलेला खिळा नव्हे. तो मुद्दाम उलटा केलेला खिळा होय.

ही चिन्हे विद्वानांच्या चर्चेसाठी नव्हे, तर शाळेतील मुलांच्या सोयीसाठी जन्माला आली, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. आज मात्र ती महाविद्यालयातील भाषाविज्ञानाच्या वर्गात अधिक आढळतात आणि ज्यांच्यासाठी ती निर्माण झाली, त्या मुलांना ती छापखान्याची चूक वाटतात.

इंग्रजीचे लेखन उच्चाराशी किती फटकून वागते, हे मराठी मुलांना निराळे सांगण्याची गरज नाही. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे ओळीने आली की त्यांचा उच्चार काय होईल, हे केवळ त्या अक्षरांकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. ती ‘थ्रू’मध्ये ऊ होतात, ‘दो’मध्ये ओ होतात, ‘कॉफ’मध्ये ऑफ होतात आणि झाडाची फांदी या अर्थाच्या ‘बाउ’ या शब्दात आउ होतात. ‘बनाना’ या शब्दात ‘ए’ हे एकच अक्षर तीन वेळा आले आहे. पण इंग्लंडमधील सुशिक्षितांच्या उच्चारात पहिल्या व तिसऱ्या जागी ते आपल्या ‘अ’सारखे ऱ्हस्व व पुसट असते आणि मधल्या जागीच त्याचा दीर्घ ‘आ’ होतो. शब्दकोशातील दोन उलटे ‘ई’ हेच सांगत असतात. आणि ती बारीक उभी रेघ? तिच्यानंतर येणाऱ्या अवयवावर आघात द्यावयाचा, अशी ती सूचना आहे. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. म्हणून मराठी मुलाचे तिकडे लक्ष जात नाही. इंग्रजीत ‘प्रेझेंट’ हा शब्द पहिल्या अवयवावर जोर देऊन उच्चारला तर त्याचा अर्थ भेटवस्तू होतो आणि दुसऱ्यावर जोर दिला तर भेट देणे किंवा सादर करणे असे क्रियापद होते. शंभराहून अधिक ध्वनिचिन्हांतून मराठी मुलांना एकच चिन्ह शिकवावयाचे ठरवले, तर ती निवड या उभ्या रेघेचीच व्हावी.

मग ही सगळीच चिन्हे मुलांना शिकवून टाकावीत काय? येथे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तेव्हा उच्चारांचा पाया आरंभीच पक्का व्हावा. दुसरा पक्ष म्हणतो, देवनागरीची बाराखडी, इंग्रजीच्या मोठ्या आणि लहान अक्षरांच्या दोन माळा, एवढे ओझे मुलांच्या डोक्यावर असताना आणखी एक वर्णमाला कशाला? शिवाय आता दूरध्वनीच्या काचेवर बोट ठेवले की शब्द बोलतो. मग चिन्हांची गरज उरलीच कोठे?

पहिल्या पक्षाने इंग्लंडमधील एका प्रयोगाची हकीकत अवश्य ध्यानात घ्यावी. लघुलिपीचे जनक आयझॅक पिटमन यांचे नातू सर जेम्स पिटमन यांनी लहान मुलांसाठी सुमारे चव्वेचाळीस अक्षरांची एक नवीन वर्णमाला रचली. तीत इंग्रजीच्या प्रत्येक प्रमुख ध्वनीला स्वतंत्र अक्षर होते. १९६१ साली काही निवडक शाळांत तिचा प्रयोग सुरू झाला. मुलांना त्याच अक्षरांत छापलेली गोष्टींची पुस्तके देण्यात आली. परिणाम आरंभी तरी आनंददायक होता. अनेक मुले लवकर वाचू लागली, मनातले न भिता लिहू लागली; कारण स्पेलिंग चुकण्याची धास्तीच उरली नव्हती. परंतु घराबाहेर पडताच दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रे, आजीने दिलेले जुने पुस्तक, हे सारे नेहमीच्याच लिपीत होते. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास मुलांना नवी अक्षरे सोडून जुन्या लिपीकडे वळावे लागे. काही मुलांना हे वळण सहज साधले; काहींचे मात्र पाऊल मध्येच अडखळले. जे अक्षर कालपर्यंत बरोबर होते, ते आज चूक कसे, हे त्या बालकांना उमगेना. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलांची तर फारच ओढाताण झाली. १९७० नंतरच्या दशकात हा प्रयोग हळूहळू मागे पडला.

या प्रयोगाला सरसकट फसलेला म्हणणे अन्यायाचे होईल. मुलांच्या मनातील भीती त्याने काही काळ तरी दूर केली, हे थोडे नव्हे. त्याचा दोष एवढाच की, जी शिडी भिंतीला टेकवून ठेवावयाची, तिच्यावरच त्याने मुलांचा संसार थाटला.

चीनमध्ये शिडीचा उपयोग शिडीसारखा केला गेला. चिनी लिपीतील हजारो आकृतींपैकी बहुतेकींचा नेमका उच्चार नुसत्या पाहण्याने कळत नाही. म्हणून १९५८ साली त्या देशाने रोमन अक्षरांत उच्चार दाखवण्याची ‘पिनयिन’ नावाची पद्धती स्वीकारली. तिच्या रचनेत मोठा वाटा असलेले जोऊ योउग्वांग हे गृहस्थ मूळचे अर्थशास्त्राचे जाणकार. ते १९०६ साली जन्मले आणि तब्बल एकशे अकरा वर्षांचे आयुष्य लाभून २०१७ साली निवर्तले. पहिलीतील चिनी मूल ही पद्धती आरंभीच शिकते. त्याच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक आकृतीच्या डोक्यावर तिचा उच्चार छापलेला असतो. पुढच्या इयत्तांत ही डोक्यावरची ओळ कमी कमी होत जाते. तैवानमध्ये हेच काम सदतीस निराळ्या चिन्हांकडून करवून घेतात. मूळ लिपीला कोणी हात लावत नाही. चिन्हे तिच्या शेजारी उभी राहतात आणि काम झाले की बाजूला होतात.

मराठी मुलांजवळ तर अशी शिडी आधीपासूनच आहे. इंग्रजी पुस्तकाच्या समासात शिसपेन्सिलीने ‘नाइफ’, ‘आयलंड’ असे देवनागरीत लिहून ठेवण्याची खोड पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि पिढ्यान् पिढ्या तिच्याबद्दल मुलांनी बोलणी खाल्ली आहेत. वास्तविक त्या बोलण्यास फारसा आधार नाही. ती मुले नकळत ध्वनिलेखनच करीत असतात. देवनागरीत उच्चार दाखवण्याची मोठीच शक्ती आहे; आणि जेथे ती अपुरी पडली, तेथे मराठी माणसांनी तिला जोडही दिली आहे. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ या शब्दांतील स्वर संस्कृतात नव्हते. त्यांच्यासाठी अर्धचंद्र आला, आणि २००९ साली महाराष्ट्र शासनाने ॲ व ऑ यांना वर्णमालेतही मानाने बसवले. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून उच्चारावयाच्या इंग्रजी ‘व्ही’साठी मराठीने ‘व्ह’ हे जोडाक्षर रूढ केले. म्हणूनच मराठी माणूस ‘व्हॅन’ लिहितो, पण ‘वॉटर’ लिहितो. हा भेद कोणत्याही परिषदेत ठरला नव्हता. कानांनी तो ठरवला.

पण देवनागरी फसवतेही, आणि जेथे ती फसवते तेथेच ध्वनिचिन्हांचे खरे काम आहे. ‘थिंक’ या इंग्रजी शब्दाचा आरंभ मराठी मूल ‘थ’ने करते. ‘थ’ उच्चारताना जिभेचे टोक दातांना घट्ट लागते, हवा क्षणभर अडते आणि मग जोराने सुटते. ‘थिंक’मध्ये हवा मुळी अडतच नाही, जिभेचे टोक दातांच्या मध्ये हलकेच राहते आणि फटीतून हवा सरसरत जाते. दोन ध्वनी निराळे आहेत. अक्षर मात्र एकच लिहिले जाते, म्हणून कानही एकच ऐकतो. बोलणाऱ्या यंत्रावर सर्वस्वी विसंबणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. यंत्र शब्द शंभर वेळा ऐकवील. परंतु कशाकडे कान द्यावयाचा, हे ते सांगत नाही. ज्याच्या कानात ‘थ’ बसला आहे, त्याला शंभराव्या वेळीही बहुधा ‘थ’च ऐकू येईल. तेथे एखादे निराळे चिन्ह समोर आले, तर निदान ‘हा तो नव्हे’ एवढा इशारा तरी मिळतो. इंग्रजीसाठी चव्वेचाळीस नव्हे, अशी सातआठ चिन्हे मराठी मुलाला पुरे आहेत. उरलेले काम देवनागरी करील.

आणि तीही चिन्हे देण्यापूर्वी कान तयार व्हावेत. त्यासाठी दूर कोठे जाण्याचे कारण नाही. क, ख, ग, घ, ङ ही माळ प्रत्येक मूल घोकते. पण ती माळ म्हणजे तोंडाचा नकाशा आहे, हे त्याला क्वचितच कोणी सांगते. ‘क’ची ओळ कंठाजवळ उमटते, ‘च’ची टाळूपाशी, ‘ट’ची त्याच्या पुढे, ‘त’ची दातांपाशी आणि ‘प’ची ओठांवर. आंतरराष्ट्रीय ध्वनिचिन्हांच्या तक्त्यातही हाच प्रवास आहे. फक्त तो ओठांपासून निघून कंठापाशी संपतो. गळ्यावर दोन बोटे ठेवून ‘क’ आणि ‘ग’ यांच्या ओळी म्हणाव्यात. ‘ग’च्या वेळी बोटांखाली कंप जाणवतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘त’ आणि ‘थ’ म्हणावे. ‘थ’ला पट्टी अधिक हलते. दहा मिनिटांचा हा खेळ झाला, म्हणजे अक्षरांची माळ पाठांतरातून बाहेर पडून मुलाच्या तोंडात जिवंत होते. प्राचीन भारतीय वैयाकरणांनी हे सारे केवळ निरीक्षणाने जाणले होते. एकोणिसाव्या शतकात व्हिटनी यांच्यासारख्या पाश्चात्त्य पंडितांनी प्रातिशाख्य ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील बारकावे पाहून युरोपातील अभ्यासक चकित झाले.

उच्चारांच्या या शास्त्राला प्राचीनांनी ‘शिक्षा’ असे नाव दिले होते. सहा वेदांगांपैकी ते एक होय. मराठीत मात्र ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ दंड असा झाला आहे. शब्दाचे हे अर्थांतर योगायोगाने झाले खरे, पण वर्गातील अनुभव पाहता ते फारसे चुकीचेही वाटत नाही. उच्चाराच्या तासाला कित्येक मुलांना शिक्षाच भोगावी लागते. खेड्यातून आलेले मूल ‘पानी’ म्हणते, वर्ग हसतो. वऱ्हाडातील मूल ‘डोळा’ या शब्दाचा उच्चार घरच्या रीतीने ‘डोया’ असा करते. वर्ग पुन्हा हसतो. त्यानंतर ते मूल उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. ध्वनिचिन्हे शिकवणाऱ्याने या ठिकाणी फार जपावयास हवे. कारण एक उच्चार शुद्ध आणि बाकीचे सारे अशुद्ध, हे ठरवण्याचे हत्यार म्हणून ती चिन्हे वापरता येतात, तशीच प्रत्येक उच्चाराची सारख्याच आदराने नोंद घेण्याचे साधन म्हणूनही वापरता येतात.

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या १९१३ सालच्या नाटकात हा प्रश्न मोठ्या गमतीने मांडला आहे. मराठी रसिकांना हे नाटक पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या रूपांतरामुळे परिचयाचे आहे. शॉच्या नाटकात ध्वनिविज्ञानाचा एक प्राध्यापक रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीचे बोलणे वहीत चिन्हांनी टिपून घेत असतो. त्या बिचारीला वाटते, हा पोलिसांचा हेर असून आपल्याला पकडून नेण्यासाठीच लिहीत आहे! ती घाबरून रडू लागते. आपले बोलणे कोणीतरी टिपून घेत आहे, याची भीती गरिबाला वाटावी, यात पुष्कळ काही आले.

त्याच चिन्हांचा दुसरा उपयोगही महाराष्ट्राने पाहिला आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६३ पासून डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींचे एकेक सर्वेक्षण प्रसिद्ध केले. कुडाळकडील बोली असो की महाडकडील कुणबी बोली असो, तेथील माणसे जसे बोलत तसेच ते ध्वनिलेखनात उतरवले गेले. तेथे कोणाचा उच्चार चुकला, असे लिहिलेले आढळत नाही. ‘शाळेत व सभेत असे बोलावे, घरी आपण तसे बोलतो’, एवढा भेद मुलांना समजावून देता येतो. त्यासाठी कोणालाही हसावे लागत नाही. म्हणून चिन्हांची परीक्षा घेऊ नये, त्यांना गुण ठेवू नयेत, असेच म्हणणे प्राप्त आहे. गुण आले की पाठांतर येते, आणि कान पुन्हा मिटतात.

आता थोडे मराठीविषयी. मराठी जशी लिहिली जाते तशीच बोलली जाते, असे पुष्कळांना वाटते. परप्रांतातून नोकरीसाठी आलेला माणूस मराठी शिकू लागला, की या समजुतीतील फोलपणा त्याला पहिल्याच आठवड्यात कळतो. ‘चोराची’ या तीन अक्षरी शब्दात ‘च’ दोनदा आला आहे. पहिला दातांजवळचा, दुसरा टाळूजवळचा. ‘माझा’ मधील ‘झ’ निराळा आणि ‘माझी’ मधील निराळा. ‘जरा थांब’ यातील ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा संस्कृत ‘जरा’ लिहिण्यात तंतोतंत सारखे, उच्चारात भिन्न. इ, ई, ए यांच्यापूर्वी च, ज, झ हे बहुधा तालव्य होतात, चरण, जल अशा संस्कृत शब्दांतही तालव्यच राहतात, इतके नियम सांगता येतात. पण उरलेले शब्द ऐकूनच शिकावे लागतात. तसेच ‘घर’ या शब्दातील शेवटचा ‘अ’ लिहिलेला असतो, बोलला जात नाही. ‘कमळ’ म्हणताना ‘म’ पूर्ण असतो आणि ‘कमळे’ म्हणताना तो अर्धा होतो. मराठी मुलाला हे सारे आईच्या मांडीवर मिळालेले असते, म्हणून त्याला त्याची जाणीवही नसते. परक्याला मात्र प्रत्येक शब्द अडवून विचारावा लागतो.

अशा शिकणाऱ्यासाठी दंत्य ‘च’ आणि ‘ज’ यांच्या खाली एक टिंब द्यावे, एवढी साधी सोय पुरेशी आहे. रोजच्या लेखनात त्या टिंबाची काही गरज नाही. चिनी मुलांच्या पुस्तकातल्याप्रमाणे ते आरंभीच्या पुस्तकांत असावे आणि पुढे गळून जावे. काही अभ्यासकांनी अशी टिंबे वापरलीही आहेत. परंतु शाळकरी शब्दकोशांत ती सहसा दिसत नाहीत. तोपर्यंत ‘जरा’ हा शब्द कसा म्हणावयाचा, हे नवख्या शेजाऱ्याला शेजारच्या मुलालाच विचारावे लागणार. आणि ते मूल उत्तर देण्यासाठी तोंड उघडील, शब्द दोनदा सावकाश उच्चारून पाहील, आणि आपल्या भाषेत दोन ‘ज’ आहेत हे त्यालाही त्याच क्षणी प्रथम ऐकू येईल.